ड्रॉइंग परत कोण पाठवतं?

आर्किटेक्टच्या किंवा स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या बहुतेक ऑफिसांत सर्व्हरवर 'स्टँडर्ड्स' नावाचं एक फोल्डर असतं. त्यात लेयरची यादी, टेम्प्लेट, दारं-खिडक्यांचे ब्लॉक आणि कधीतरी मोठ्या उत्साहात लिहिलेली एक जाडजूड पुस्तिका असते. शेजारच्या फोल्डरमध्ये चालू कामांची ड्रॉइंग्ज असतात. या दोन फोल्डरांची एकमेकांशी ओळख असतेच असं नाही. भिंत 'लेयर १'वर, दरवाजा 'न्यू-न्यू'वर, तर जिना शून्यावर. मग साहेब चिडतात, परिपत्रक निघतं, आठवडाभर सगळं सुतासारखं चालतं आणि पुढच्या सबमिशनला ये रे माझ्या मागल्या.

दोष कोणाचा, यावर दोन पक्ष आहेत आणि दोघांकडेही दम आहे. इथे ते पुण्यातल्या एका कल्पित ऑफिसातल्या दोन माणसांच्या तोंडी घातले आहेत. मॅडम आर्किटेक्ट आहेत आणि ऑफिसात भागीदार. काका मुख्य ड्राफ्ट्समन. आयटीआयचा आरेखक-स्थापत्य हा दोन वर्षांचा कोर्स करून त्यांनी बोर्डावर काम सुरू केलं आणि उमेदीची वर्षं सरल्यावर ते माउसवर आले. दोघांनाही ड्रॉइंग चांगलं हवं आहे. भांडण आहे ते चांगलं कशानं होतं यावर.

मॅडम: काका, काल मला रो-हाउसच्या प्लॅनमधून फर्निचर काढून फक्त भिंती आणि कॉलम स्ट्रक्चरल कन्सल्टंटला पाठवायचे होते. फर्निचरचा लेयर ऑफ केला, तर निम्मे पलंग जागच्या जागी आणि दोन भिंती गायब! एका क्लिकचं काम, पण त्यात संध्याकाळ गेली.

काका: भिंती कोणीतरी फर्निचरचा लेयर करंट असताना ओढल्या असणार. आणि पलंग नेटवरून उतरवलेले. ब्लॉकच्या आतल्या रेषा शून्य लेयरवर असल्या, तर ब्लॉक ज्या लेयरवर ठेवाल त्याचं ऐकतो. नेटवरचा ब्लॉक आपले लेयर पोटात घेऊन येतो. वरचा लेयर ऑफ करा, आतल्या रेषा हटत नाहीत.

मॅडम: कारण मलाही ठाऊक आहे. हा नियम पुस्तिकेत आहे. लायब्ररीत पलंगही आहेत. मग नेटवर जायचं कशाला? आळसापलीकडे मला दुसरं कारण दिसत नाही.

काका: आपल्या लायब्ररीत पलंग शोधून बघा एकदा. फोल्डरात फोल्डर, त्यात 'जुने', त्यात 'जुने-फायनल'. नेटवर चार सेकंदांत सापडतो. पोरं आळशी नाहीत मॅडम, घाईत आहेत. घाईतला माणूस जी वाट आखूड असेल तीच धरतो. नियमाची वाट तुम्ही लांब करून ठेवलीत.

मॅडम: वाट लांब असली तरी तिला अर्थ आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने लेयरच्या नावांची मार्गदर्शिका १९९० मध्ये काढली. १९९८ मध्ये आयएसओ १३५६७ आलं, १९९९ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय कॅड मानक आलं. जगभरच्या लोकांनी डोकं लावून ठरवलं की नावात आधी शाखा, मग वस्तू, मग तपशील. 'ए' म्हणजे आर्किटेक्चर, 'एस' म्हणजे स्ट्रक्चर. यादी उघडली की एका शाखेचं सगळं एका जागी. आपल्याकडे पान वाढताना मीठ मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. वाढपी बदलला म्हणून पान बदलतं का?

काका: नाही बदलत. पण पानात दोनशे पदार्थही नसतात. आपल्या टेम्प्लेटमध्ये पूर्ण उंचीची भिंत वेगळी, अर्ध्या उंचीची वेगळी, पाडायची वेगळी, पुढच्या टप्प्यातली वेगळी. बंगल्याच्या प्लॅनला वीस-पंचवीस लेयर पुरतात. बाकीचे कोणी ठेवले? ऑफिस सोडून गेलेल्या एका आर्किटेक्टने परदेशातली यादी जशीच्या तशी उतरवून काढली. आमच्यातल्या एकालाही विचारलं नाही. आयत्या पिठावर रेघोट्या, आणि त्याही ज्यांना रोज रेघा ओढायच्या त्यांना न विचारता.

मॅडम: म्हणजे यादी छोटी केली की सगळे नियम पाळतील, असं तुमचं म्हणणं?

काका: तेवढं भोळं म्हणणं नाही माझं. यादी छोटी केली की न पाळायला एक सबब कमी होईल, एवढंच. खरं घोडं दुसरीकडेच पेंड खातंय. बोर्डाच्या काळाचं सांगतो. तेव्हा शाईच्या पेनांची जाडी ठरलेली असे आणि प्रत्येक जाडीला पट्टीचा रंग. पाव मिलिमीटर म्हणजे पांढरा, ०.३५ पिवळा, ०.५ तपकिरी, ०.७ निळा. प्रत्येक पेन आधीच्याच्या साधारण १.४ पट.

मॅडम: वर्गमूळ दोन. कागदाचे ए आकारही त्याच प्रमाणात.

काका: बरोबर. ए१ चं ड्रॉइंग ए३ वर छोटं केलं की लांबी निम्मी होते. अर्ध्या मिलिमीटरची रेघ पाव मिलिमीटरची होते, म्हणजे पुन्हा एका खऱ्या पेनाचीच जाडी. छोट्या प्रिंटवर हाताने दुरुस्ती केली तरी रेघ परकी दिसत नसे. आम्हाला हे गणित कोणी शिकवलं नव्हतं, पण पेन चुकत नसे. का माहितीय? चुकलं की ब्लेड घेऊन ट्रेसिंग खरवडायला लागे. जास्त खरवडलं की कागदाला भोक. मग अख्खी शीट पुन्हा. चूक ज्याची, रात्र त्याची.

मॅडम: आणि आता?

काका: आता चूक त्याची आणि संध्याकाळ तुमची. तुम्हीच सांगितलंत की आत्ता! कॅड आल्यापासून चुकीचं बिल दुसऱ्याच्या पत्त्यावर जातं. ज्याने भिंत भलत्या लेयरवर ओढली त्याच्या स्क्रीनवर ती भिंत ठीकच दिसते. त्रास होतो तो तुम्हाला, कन्सल्टंटला, नाहीतर तो रजेवर असताना त्याची फाइल उघडणाऱ्याला. स्वतःला कधीच न बोचणारा नियम माणूस किती दिवस पाळेल?

मॅडम: काका, इथेच माझा मतभेद आहे. स्वतःला बोचल्याशिवाय नीट काम करायचं नाही, ही कसली व्यावसायिकता? गवंड्याला ओळंबा लावायला रोज कोणी सांगतं का? ड्रॉइंग ही आपली भाषा आहे. आपल्या देशातही इमारतींच्या ड्रॉइंगसाठी आयएस ९६२ आहे, इंजिनिअरिंग ड्रॉइंगसाठी एसपी ४६ आहे. तुमच्या आयटीआयमध्ये रेघांचे प्रकार, त्यांची जाडी, माप कसं टाकायचं हे घोटून घेतलेलं असतं. मग ऑफिसात आल्यावर ते कुठे जातं?

काका: घोटून घेतलेलं असतं ते कागदावरच्या रेघेबद्दल. लेयर, एक्सरेफ, प्लॉट स्टाइल हे ऑफिसागणिक वेगळं. पोरगं तीन ऑफिसं फिरून आपल्याकडे येतं. पहिल्या ठिकाणी लाल म्हणजे बारीक रेघ, दुसऱ्या ठिकाणी लाल म्हणजे जाड. आपल्याकडे आल्यावर पहिल्या दिवशी आपण त्याला काय देतो? मशीन, पासवर्ड आणि 'आज पाच वाजेपर्यंत एलिव्हेशन हवंय'. पुस्तिका कुठे आहे हेही कोणी सांगत नाही.

मॅडम: हे मान्य. पण रंगाचंच घ्या. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरात बाजारात आलं तेव्हा प्लॉटरमध्ये खरी पेनं असत, म्हणून रंगाचा नंबर म्हणजे पेन, ही सोय. ऑटोकॅड २००० पासून रेघेला स्वतःची जाडी देता येते. तरी आपण अजून रंगावरच प्लॉट काढतो. ठीक आहे, काढू. पण मग रंग लेयरकडून यायला हवा. 'बायलेयर' ठेवायचं, एवढंच. ही मुलं प्रत्येक रेघेला वेगळा रंग देतात, कारण काळ्या स्क्रीनवर ते छान दिसतं. प्रिंट काढली की कॉलम बारीक आणि टाइल्सचा हॅच ठळक. साइटवरच्या माणसाला रंग दिसत नाही, त्याला जाडीच दिसते.

काका: यात मी पोरांची बाजू घेणार नाही. पण त्यांना दाखवा. या पोरांपैकी कितीजणांनी आपल्याच ड्रॉइंगची प्रिंट साइटवर, उन्हात, घामाच्या हातात बघितलीय? आपण पीडीएफ मेल करतो, कॉन्ट्रॅक्टर त्याची ए३ वर काळी-पांढरी प्रिंट काढतो आणि सेंटरिंगवाला ती खिशात घडी घालून ठेवतो. त्या घडीवर कॉलमची रेघ पुसट झाली की काय होतं, हे एकदा बघितलेलं पोरगं पुन्हा रंगांशी खेळत नाही.

मॅडम: साइटला पाठवू, हरकत नाही. पण सगळ्या चुका सहलीने सुटत नाहीत. त्या डक्टचं आठवतंय? क्लायंटला स्वयंपाकघर मोठं हवं होतं. डक्ट १२०० चा १०५० करायचा होता. भिंत सरकवायची तर शेजारचं टॉयलेट, दार, टाइल्स सगळं हलवायला लागलं असतं. मुलाने भिंतीला हात लावला नाही. मापावर डबल क्लिक केलं, १२०० खोडलं, १०५० टाइप केलं. प्लंबिंग कन्सल्टंटने आपली फाइल एक्सरेफ करून घेतली. तो मापाचे आकडे वाचत नाही, रेघांवर काम करतो. त्याने १२०० मध्ये पाइप बसवले. गवंड्याने कागदावरचे १०५० वाचून भिंत बांधली. दोघांनीही आपल्याच ड्रॉइंगचा आदेश पाळला!

काका: ते मी बोर्डावरही सहन केलं नसतं.

मॅडम: बोर्डावर मात्र ते चालायचं. 'नॉट टू स्केल' असं लिहून आकडा बदलायचे की लोक.

काका: लिहून बदलायचे, हेच तर! आकड्याखाली आडवी रेघ ओढायचे, म्हणजे वाचणाऱ्याला कळायचं की हे माप स्केलमध्ये नाही. फसवणूक नव्हती ती. टाइप केलेलं माप खऱ्या मापासारखंच दिसतं, म्हणून ते वाईट. ही चूक आणि लेयरची चूक एका तराजूत घालू नका, असं मी केव्हापासून सांगतोय. पुस्तिकेत दोन्ही एकाच अक्षरात छापलंय. बाणाचं टोक कसं असावं त्याला अर्धं पान आणि माप खोटं टाकू नये याला एक ओळ!

मॅडम: हं. हा मुद्दा लिहून घेते. पण काका, सुटं-सुटं बघून चालणार नाही. एअरबसच्या ए३८० ची गोष्ट घ्या. जर्मनी आणि स्पेनची ऑफिसं कॅटिया या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर राहिली, फ्रान्स आणि ब्रिटन पाचवीवर गेले. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. हॅम्बर्गला तयार झालेले वायरचे जुडगे तुलूजला जोडणीच्या वेळी बसेनात, आखूड पडले. २००६ मध्ये वेळापत्रक कोसळलं आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये. अब्जावधी युरोंचा फटका. एका घरात दोन रीती चालल्या की असं होतं.

काका: छान उदाहरण दिलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे. आवृत्ती कोणती घ्यायची हे हॅम्बर्गच्या ड्राफ्ट्समनने ठरवलं होतं का? तो बिचारा हातात दिलेल्या सॉफ्टवेअरवर प्रामाणिकपणे वायर ओढत होता. वरच्यांनी एक रीत ठरवली नाही आणि खालच्यांच्या वायरी आखूड पडल्या. मानक मोडतं तेव्हा पहिला तडा वरच्या मजल्यावर गेलेला असतो.

मॅडम: आपल्याकडे वरच्या मजल्यावर कोण? मीच ना?

काका: तुम्ही आणि सर. राग मानू नका. सर रात्री साडेअकराला फाइल उघडतात, शून्य लेयरवर चार रेघा मारतात, 'एलिव्हेशन असं करा' म्हणून सेव्ह करतात. सकाळी पोरगं बघतं की मालकालाच नियम नाही. आणि शीटच्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक बघा. तीन चौकोन असतात, ड्रॉन, चेक्ड, अप्रूव्ड. ड्रॉनमध्ये पोरगं आपली आद्याक्षरं टाकतं. चेक्डमध्ये सरांची आद्याक्षरं टेम्प्लेटमध्येच छापलेली आहेत. पहिली रेघ ओढायच्या आधी ड्रॉइंग तपासून झालेलं असतं! मग पोरांनी कोणाला भ्यायचं?

मॅडम: …ते वेळ वाचावा म्हणून केलं होतं.

काका: पोरंही सगळं वेळ वाचावा म्हणूनच करतात.

मॅडम: बरं. पण मला एक सांगा. हीच मुलं महापालिकेचं ड्रॉइंग करताना एकदम शहाणी कशी होतात? प्रीडीसीआर सॉफ्टवेअरमध्ये प्लॉटची हद्द, मजला, खोली, जिना, पार्किंग, प्रत्येकाला ठरलेला लेयर, प्रत्येकाची पॉलिलाइन बंद, आत नाव. तिथे एक मुलगा 'न्यू-न्यू' नावाचा लेयर करत नाही. म्हणजे येतं सगळं. आपल्याकडे करायचं नसतं, इतकंच.

काका: आता तुम्ही नेमक्या जागेवर आलात. तिथे का करतात? पॉलिलाइन उघडी राहिली की सॉफ्टवेअर क्षेत्रफळ काढत नाही, चूक दाखवतं, फाइल पुढे जात नाही. आणि ती चूक कोणावर येते? ज्याने काढली त्याच्यावरच येते. पालिका ओरडत नाही, परिपत्रक काढत नाही, स्वतः दुरुस्तही करून घेत नाही. परत पाठवते. अमेरिकेची कामं करणाऱ्या इथल्या ऑफिसांत बघा, हीच आपली पोरं परक्या यादीतले लेयर बिनचूक पाळतात, कारण तिकडचा माणूस नियमात न बसलेली शीट स्वीकारत नाही. आपल्या ऑफिसात ड्रॉइंग परत कोण पाठवतं?

मॅडम: मी पाठवायचे. पण परत पाठवून, समजावून, दुरुस्त होऊन यायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा कमी वेळात मी स्वतः नीट करते.

काका: आज वाचलेला वेळ उद्या व्याजासकट जातो. तुम्ही रात्री बसून शंभर रेषांचे लेयर बदलता. सकाळी पोराला कळतही नाही की काही बिघडलं होतं. त्याच्या हिशेबी काम पास झालं. तुमच्या चांगुलपणानेच तो बिघडतोय.

मॅडम: मग सॉफ्टवेअरकडूनच तपासून घेऊ ना. ऑटोकॅडमध्ये सोय आहे. मानकांची डीडब्ल्यूएस फाइल करायची, ड्रॉइंगला जोडायची आणि 'चेकस्टँडर्ड्स' चालवायचं. आपल्याकडे पालिकेसारखी यंत्रणाच नाही असं नाही.

काका: चालवा, मी अडवत नाही. पण ते काय तपासतं? लेयर, अक्षरांच्या स्टाइल, मापांच्या स्टाइल, रेषांचे प्रकार. लेयरचं नाव यादीत आहे की नाही, एवढं त्याला कळतं. दरवाजाच्या लेयरवर भिंत काढली तर ते म्हणेल, सब ठीक. आणि डेफपॉइंट्सवर कोणी भिंत ओढली तर? माप टाकताना तो लेयर आपोआप तयार होतो, स्क्रीनवर दिसतो, प्रिंटला येत नाही. स्क्रीनवर भिंत आहे, साइटवर पोचलेल्या कागदावर नाही. नाव तपासायला मशीन पुरेल. अर्थ तपासायला माणूसच हवा.

मॅडम: तुमचा माणूस मात्र प्रत्येक शीटवर बसला तर ऑफिस बंद पडेल.

काका: प्रत्येक शीटवर कशाला? दारात बसवा. पोरगं स्वतःच्या फोल्डरमध्ये हवं ते करू दे. कच्चं काम कच्चंच असतं. पण फाइल दुसऱ्याच्या हातात जाणार, मग तो शेजारी बसलेला असो, कन्सल्टंट असो की साइट, त्या क्षणी तपासणी.

मॅडम: हे तर आयएसओ १९६५० मध्येच आहे. चालू काम वेगळं, शेअर केलेलं वेगळं, प्रसिद्ध केलेलं वेगळं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना तपासणी आणि मंजुरी.

काका: बघा! मी म्हटलं की अडाण्याचा हट्ट, आयएसओ म्हणालं की पद्धत.

मॅडम: असं मी कधीच म्हटलं नाही. पण दारावर काय-काय अडवायचं? सगळंच अडवलं तर तुमची पोरं दाराशेजारची भिंत फोडतील.

काका: तीन ढीग करा. पहिला ढीग, ड्रॉइंगला खोटं बोलायला लावणाऱ्या चुका. टाइप केलेलं माप, इंच-मिलिमीटरचा घोळ, प्रिंटला न येणाऱ्या लेयरवरचं काम, रिव्हिजनचा नंबर न बदलता पाठवलेली शीट. यांना माफी नाही. दुसरा, पुढच्याचं काम वाढवणाऱ्या चुका. भलते लेयर, पोटात लेयर घेऊन येणारे ब्लॉक, तुटलेले एक्सरेफ. हे दारातून परत. तिसरा ढीग आवडीनिवडीचा. अक्षराचा फाँट, बाणाचं टोक, हॅचचा कोन. हे टेम्प्लेटमध्ये घालून विसरून जा, त्यावरून कोणाला बोलू नका.

मॅडम: तिसऱ्यावर मी सहजासहजी येणार नाही. एका सेटमधल्या शीट एका हातच्या दिसल्या पाहिजेत. क्लायंट लेयर बघत नाही, त्याला तेच दिसतं.

काका: दिसू द्या की, टेम्प्लेटमधून दिसू द्या. त्यासाठी पोराला केबिनमध्ये बोलवायची गरज नाही, एवढंच म्हणतोय.

मॅडम: आणि तो आपला बहाद्दर? त्याचं काय करायचं? एका रात्रीत सहा शीट काढतो. क्लायंट खूश, सर खूश. त्याची फाइल मात्र दुसरा कोणी उघडू शकत नाही. सहा महिने शिस्तीत काम करणारी मुलगी शेजारीच बसते, तिला सगळे हळू म्हणतात.

काका: त्याला पगारवाढ कोणी दिली? तिला कोणी दिली नाही? ऑफिसातलं खरं मानक पुस्तिकेत नसतं मॅडम, पगारवाढीच्या यादीत असतं. पोरं तेवढंच वाचतात. त्याची सहा शीट एका रात्रीत होतात, आणि नंतर ती सावरायला ती मुलगी तीन दिवस बसते. ते तीन दिवस तिच्या नावावर हळूपणा म्हणून चढतात. हिशेबच उलटा आहे.

मॅडम: मग त्याला शिक्षा?

काका: शिक्षा नको, अदलाबदल करा. प्रत्येक टप्प्यानंतर फाइल दुसऱ्याने पुढे न्यायची. त्याची तिच्याकडे, तिची त्याच्याकडे. तिची फाइल उघडल्यावर त्याला कळेल की नीट फाइल किती सोपी असते. आणि तिने त्याची परत पाठवली तर तुम्ही तिच्या मागे उभं राहायचं. 'जाऊ दे गं, तूच कर नीट' असं म्हणायचं नाही.

मॅडम: आणि इतकं करूनही त्याने तेच केलं तर? सगळे दोष व्यवस्थेचे, माणसाचा काहीच नाही, हे मला पटत नाही. काही माणसांना नियम कळतो, उपयोग कळतो, परतही पाठवलेलं असतं, तरीही ती करत नाहीत. कारण त्यांना वाटतं आपण इतके उपयोगाचे आहोत की आपल्याला कोणी हात लावणार नाही.

काका: अशी माणसं असतात. मी बघितलीत, दोन-तीन माझ्याच हाताखाली होती. छोटी यादी, पहिल्या दिवशी समजावणं, दारावर तपासणी, परत पाठवणं, एवढं सगळं आपल्या बाजूने झालं आणि तरीही तो ऐकत नाही, तर त्याला खुशाल निरोप द्या. मी आडवा येणार नाही. पण हे सगळं न करता निरोप दिलात तर ते चोर सोडून संन्याशाला फाशी.

मॅडम: ठीक. यादी छोटी करायची. कोण करणार? तुम्ही?

काका: मी एकटा नाही. ती मुलगी, तो बहाद्दर आणि मी. तुम्ही शेवटी बघा, आणि कन्सल्टंटकडच्या पोरालाही विचारा की आपल्या फाइलमधलं त्याला काय छळतं. पुस्तिका नको. एका ए४ वर मावेल एवढं. त्या कागदावर मावत नाही ते आपलं मानक नाही.

मॅडम: चेक्डच्या चौकोनातून सरांची आद्याक्षरं मी काढून टाकते. जो तपासेल तो टाकेल. पण काका, अडचण वेळेचीच आहे. उद्या स्लॅबची साइट थांबलेली, कॉन्ट्रॅक्टरचा तिसरा फोन, आणि दारावर तुमचा माणूस म्हणतोय, लेयर चुकलाय, परत जा.

काका: लेयर चुकला असेल तर त्या दिवशी जाऊ द्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल त्याच्याच टेबलावर परत. माप टाइप केलेलं सापडलं तर मात्र स्लॅब थांबली तरी चालेल.

मॅडम: स्लॅब थांबली तर काय होतं ते तुम्हाला फोनवर ऐकायला लागत नाही. मिक्सर, मजूर, पंप, सगळं माझ्या नावाने ओरडतं. आणि तपासणीला शीटमागे अर्धा तास धरला तरी तो फीमध्ये बसत नाही. क्लायंट त्याचे पैसे देत नाही.

काका: क्लायंट आत्ताही देत नाहीच. तो वेळ आत्ताही जातोच आहे, तुमच्या संध्याकाळींतून आणि त्या मुलीच्या तीन दिवसांतून. फक्त वेळापत्रकात कुठे लिहिलेला नाही, म्हणून फुकट वाटतो. क्लायंटला तारीख देताना तपासणीचा दिवस धरून द्या. पाचला पाठवायचं ड्रॉइंग तीनला पुरं झालं पाहिजे, असं ठरवा.

मॅडम: धरीन. तारखा मी देते, तेव्हा तेवढं माझ्याकडे. पण मग 'वेळ नव्हता' हे उत्तर तुमच्या पोरांकडून मी पुन्हा ऐकून घेणार नाही.

काका: आणि तुमच्याकडून आम्ही.